कोठ्यातून कॅनमध्ये : दुधाचे पहिले तीन तास

दुधाची गोष्ट आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसापासून सुरू करावी लागते. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की त्यातून रुई निघते ३४-३५ किलो. बाकी जवळपास सगळी सरकी. ती तेलाच्या गिरणीत जाते, तेल निघतं आणि ढेप उरते. दोन-तीन महिन्यांनी तोच शेतकरी बाजारातून नगदी पैसे मोजून ढेपेचं पोतं घरी आणतो. म्हणजे आपल्याच वावरात पिकलेली वस्तू आपणच विकत आणायची, म्हशीला खाऊ घालायची आणि दुधाच्या रूपानं पुन्हा विकायची. या फेऱ्यात पैसा कुठं सुटतो अन् कुठं मुरतो हे कळल्याशिवाय जोडधंद्यावरची भाषणं ऐकण्यात काही अर्थ नाही.

आपल्याकडं गाय पूर्वी दुधासाठी पाळलीच जात नव्हती. ती पाळायची गोऱ्ह्यासाठी. काळ्या जमिनीला बैल लागतो, म्हणून वासराच्या तोंडचं दूध काढणं लोकांना पटत नसे. शेजारच्या वर्धा भागातली गवळाऊ गाय प्रसिद्ध झाली तीही चपळ बैलांमुळेच. दुधाचं काम म्हशीचं. मानेवरून मागं वळलेल्या लांब, चपट्या शिंगांची आपली नागपुरी म्हैस दूध बेताचंच देते, पण ते घट्ट असतं. फॅट सात-आठपर्यंत सहज जाते आणि उन्हाळाही ती सोसते. नंद गवळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा सांभाळला. मात्र वाटा नव्हत्या, बाजार लांब होता आणि उन्हात दूध टिकत नव्हतं. गावाबाहेर जायचं ते तूप आणि खवा. ताक गावातच राहायचं आणि मागेल त्याला फुकट मिळायचं.

देशात सहकारी दुधाची वाट गुजरातेतल्या आणंदनं दाखवली. तिथला खेडा जिल्ह्याचा संघ १९४६ चा. १९७० ते १९९६ या काळात 'दुधाचा महापूर' ही योजना देशभर राबवण्यात आली. पश्चिम महाराष्ट्रानं तिचा चांगला फायदा घेतला. आपल्याकडं मात्र महापुराचे शिंतोडेच आले. याचं खापर नुसतं पुढाऱ्यांवर फोडून भागणार नाही. फेब्रुवारीनंतर हिरवा चारा कुठून आणायचा, हा खरा प्रश्न होता आणि आजही आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात संकरित ज्वारी आली, धान्य वाढलं आणि लोक जगले, हे मान्यच. पण तिचं ताट आखूड. पुढं सोयाबीन आलं आणि ज्वारीच मागं हटली. कडब्याच्या गंज्या गेल्या, उरलं सोयाबीनचं कुटार. त्यात कस किती, हे ढोरंच सांगतात. अर्धं गव्हाणीत तसंच पडून असतं.

२००६ मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजमधून विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अनुदानावर दुधाळ जनावरं देण्यात आली. त्यात यवतमाळ होतंच. हेतू चांगला होता. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या कोठ्यात संकरित गाय बांधायची तर तिला रोज हिरवा चारा, खुराक, सावली आणि भरपूर पाणी लागतं. जिथं माणसांनाच मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथं बऱ्याच जणांना ती गाय पेलवली नाही. चारा आधी आणि गाय नंतर, हा साधा क्रम उलटा झाला.

त्यानंतर २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि मदर डेअरीच्या मार्फत विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प सुरू झाला. पैसे थेट बँक खात्यात येऊ लागले. खासगी डेअऱ्याही गावोगाव गाड्या फिरवू लागल्या. त्यामुळं आता प्रश्न 'दूध घेतं कोण' हा राहिला नाही. प्रश्न आहे तो 'कोणत्या भावानं' हा.

फॅट कमी का लागली?

संकलन केंद्रावर रोज एकच बोलणं कानावर पडतं.

"काहून भाऊ, आज फॅट किती?"

"तीन-दोन."

"काल तर तीन-सात होती. पानी तं घातलं नाही ना बाप्पा आम्ही!"

यात दर वेळी केंद्रचालकाचीच चोरी असते असं नाही. फॅट एका धारेत एक आणि दुसऱ्या धारेत दुसरी असते. सुरुवातीच्या धारांत ती एक-दोन टक्के, तर शेवटच्या धारांत सात-आठ टक्क्यांपर्यंत जाते. आपली रीत काय? आधी वासरू लावून पान्हा सोडवायचा, मग दूध काढायचं आणि शेवटचं पुन्हा वासराला सोडायचं. म्हणजे सगळ्यात घट्ट दूध वासरू पितं आणि पातळ दूध केंद्रावर जातं. वासराला उपाशी ठेवा असं कोणी म्हणणार नाही. पण त्याचा वाटा एका सडाचा ठेवून बाकीचे तीन सड शेवटच्या थेंबापर्यंत पिळले, तर पावतीवरचा आकडा बदलतो. कास रिकामी झाली की कासदाहाची भीतीही कमी होते. संध्याकाळच्या दुधाला बहुधा फॅट थोडी जास्त लागते, कारण सकाळ ते संध्याकाळचं अंतर कमी असतं. तेव्हा आज सकाळची फॅट काल सकाळच्या फॅटशी ताडून पाहावी, काल संध्याकाळच्या नव्हे.

दुसरा आकडा एसएनएफचा, म्हणजे दुधातून पाणी आणि स्निग्धांश वजा केल्यावर जे घन उरतं त्याचा. केंद्रावर 'डिग्री' म्हणतात ती लॅक्टोमीटरची. पाणी घातलं की डिग्री उतरते. पण साय काढून घेतली की ती चढते. म्हणून साय काढून वर पाणी घालणारा एकट्या लॅक्टोमीटरला फसवू शकतो. फॅट आणि डिग्री दोन्ही मिळून पाहिलं की तो सापडतो. हिशेब चौथीच्या पोराला जमेल असा आहे. डिग्रीला चारनं भागा, त्यात फॅटचा पाव भाग मिळवा आणि वर ०.४४ घाला. डिग्री २८, फॅट ४ असेल तर ७ अधिक १ अधिक ०.४४, म्हणजे एसएनएफ ८.४४. काही डेअऱ्या शेवटचे आकडे थोडे वेगळे धरतात. आपल्या केंद्रावर कोणता हिशेब धरला जातो, हे विचारण्याचा हक्क दूध घालणाऱ्याला आहे. राज्यात गाईच्या दुधाचा भाव साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. त्याखाली गेलं की दर पॉइंटला कपात असते. म्हणून पेपरात वाचलेला भाव आणि हातात पडलेला भाव जुळत नाही.

मापाचं एक सांगतो. दूध पाण्यापेक्षा जड असतं. एक लिटर दूध भरतं सुमारे १.०३ किलो. भाव लिटरचा आणि काटा किलोचा असला तर मधला हिशेब पावतीवर दिसला पाहिजे. घरी फेसासकट मोजलेलं दहा लिटर केंद्रावर साडेनऊ भरलं तर त्यात नवल नाही. फेस बसल्यावर मोजून पाहा.

२०२४ मध्ये शासनानं गाईच्या दुधाला लिटरमागं अनुदान दिलं, आधी ५ रुपये आणि नंतर ७. ज्यांच्या जनावराच्या कानात बिल्ला नव्हता किंवा ज्याची ऑनलाइन नोंद नव्हती, ते त्यातून बाहेर राहिले. बिल्ला मारायला डॉक्टर आले की 'कान पिकते' म्हणून जनावर वावरात पाठवून देणारे आपणच असतो.

ऊन, कॅन आणि लाईट

धार काढली तेव्हा दूध जनावराच्या अंगाइतकं गरम असतं, ३७-३८ अंश. ताज्या दुधात जंतूंना थोपवून धरायची थोडी ताकद असते, पण आपल्या उकाड्यात ती लवकर संपते. पुढं जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात एवढंच धरलं तरी तीन तासांत ते चौसष्ट पट झाले. दूध नासत नाही तोवर हे दिसत नाही. पण डेअरीत मेथिलिन ब्ल्यूची चाचणी असते. दुधात निळा रंग टाकतात. चांगल्या दुधात तो पाच-पाच तास टिकतो, खराब दुधात अर्ध्या तासात उडून जातो. दूध ४ अंशांपर्यंत थंड झालं की जंतूंची वाढ मंदावते, पण झालेली वाढ मागं येत नाही. म्हणून खरी किंमत ठरते ती कोठ्यापासून बल्क कूलरपर्यंतच्या पहिल्या तीन तासांत. पुढं शहरात कितीही मोठं यंत्र असलं तरी ते बिघडलेलं दूध सुधारू शकत नाही.

या तीन तासांत शेतकऱ्याच्या हातात काय आहे? कास धुऊन कोरडी पुसणं, पहिल्या दोन धारा वेगळ्या काढणं, स्टीलचं भांडं, स्वच्छ गाळणी, आणि कॅन उन्हात न ठेवता ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवणं. प्लास्टिकचे जुने डबे कितीही घासले तरी कानाकोपऱ्यात वास राहतोच. यातल्या कशालाही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

ग्रामपंचायतीच्या हातात मात्र यापेक्षा जास्त आहे. केंद्रापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात गाडी जाईल असा आहे का? बल्क कूलर बसला, पण संध्याकाळी लाईट जाते तेव्हा जनरेटरच्या डिझेलचा खर्च कोण करतं? केंद्राजवळ भांडी धुवायला पाण्याचा नळ आहे का? ग्रामसभेत समाजमंदिराच्या रंगावर दोन तास बोलणाऱ्यांनी या तीन गोष्टींना दहा मिनिटं द्यावीत.

पिशवीतलं दूध

डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून एकदम थंड करतात. हे झालं पाश्चरीकरण. मग फॅट कमी-जास्त करून पिशव्या भरतात. टोन्ड दुधात फॅट ३, स्टँडर्डमध्ये ४.५, फुल क्रीममध्ये ६. टोन्ड दूध ही आपल्याच मुंबईची देणगी. आरेचे दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि दुधाची पावडर घालून ते स्वस्त केलं. त्यामुळं टोन्ड म्हणजे भेसळ नव्हे. गावच्या माणसाला ते पातळ लागतं, एवढंच.

भेसळीची भीती सगळ्यांनाच असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा अपायकारक भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. मात्र ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त होतं. ते कोणी दुधात घालत नाही. बुरशी लागलेला चारा आणि ढेप जनावराच्या पोटात गेली की ते दुधात उतरतं आणि उकळून जात नाही. इथं गोष्ट पुन्हा आपल्या पोत्याशी येऊन थांबते. पावसाळ्यात ढेप जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवायची नाही. खाली लाकडी फळ्या हव्यात. काळी-हिरवी पडलेली, कुबट वासाची ढेप स्वस्त मिळते म्हणून घ्यायची नाही. 'ढोरांना काय होते' असं म्हणून ती खपवली जाते, पण त्याच म्हशीचं दूध घरचं लेकरूही पितं.

जनावराला इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध केंद्रावर घालू नये आणि घरीही वापरू नये. प्रतिजैविक उतरलेल्या दुधाला विरजण लागत नाही. दही जमलं नाही की सुनेला बोल लावण्याआधी म्हशीला काय टोचलं होतं ते आठवावं.

घरचा वाटा

दहा दिवसांच्या पावतीसाठी सगळं दूध केंद्रावर जातं आणि पोरं काळा चहा पितात, अशी घरं जिल्ह्यात कमी नाहीत. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, दुधाचा दहा दिवसांनी. त्यावर किराणा चालतो, म्हणून कोणी कोणाला नावं ठेवू नयेत. तरी लिटरभर दूध घरी राहिलं तर त्यातून किती गोष्टी होतात पाहा. ते नीट उकळायचं, कारण कच्च्या दुधातून माणसाला ब्रुसेला आणि क्षय होऊ शकतो. कोमट झालं की चमचाभर विरजण. उन्हाळ्यात चार-पाच तासांत दही लागतं, थंडीत रात्रभर चुलीजवळ ठेवावं लागतं. साय साठवून आठवड्यानं लोणी, लोण्याचं तूप. व्यालेल्या म्हशीचा चीक शेजारीपाजारी वाटून उरला तर त्याचा खरवस, वेलची नसली तर नुसता गूळ घालून.

आणि आंबट ताकाची गोळ्याची कढी. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लसूण-मिरची घालून जाडसर वाटायची आणि तिचे गोळे वळायचे. ताकाला थोडं बेसन लावून उकळी येईस्तोवर ढवळत राहायचं, नाहीतर ते फाटतं. मग एक गोळा सोडून पाहायचा. तो फुटला नाही तरच बाकीचे टाकायचे. ज्वारीची भाकर चुरून त्यावर ही कढी ओतली की भाजी लागत नाही.