लसूण आणि रक्तदाब

लसणीवाचून महाराष्ट्रातील शेतकऱ्याची न्याहारी क्वचितच पुरी होते. भाकरीबरोबरची चटणी, ठेचा, पिठल्याची फोडणी, कोल्हापूरकडील कांदा-लसूण मसाला, या सर्वांत तिचे स्थान ठरलेले आहे. आहारातील या नित्याच्या जिनसेकडे आता औषध म्हणूनही पाहिले जाते. रक्तदाब वाढला असेल तर सकाळी अनशापोटी दोन पाकळ्या चावून खाव्या, असा सल्ला पारावर आणि आठवडे बाजारात सहज मिळतो. हा सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याचा अपुरेपणा काही वेळा जिवावर बेततो. यास्तव ग्रामकार्यकर्त्यांनी लसणीचे गुण व त्या गुणांची मर्यादा ही दोन्ही नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

लसणीच्या औषधी गुणांची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. आयुर्वेदात तिला रसोन म्हणतात. सहा रसांपैकी आम्ल रस तेवढा तिच्यात उणा, म्हणून हे नाव, अशी त्याची फोड केली जाते. काश्यपसंहितेत लसणीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र रक्तदाब मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. त्यामुळे लसणीने तो किती उतरतो, या प्रश्नाचे उत्तर आजच्या प्रयोगांतच शोधावे लागते.

अखंड पाकळीला फारसा वास येत नाही, हे सोलणाऱ्या प्रत्येकीच्या अनुभवाचे आहे. पाकळीत ॲलिइन नावाचे गंधकयुक्त पण गंधहीन द्रव्य असते आणि त्यापासून अलग, वेगळ्या कप्प्यात, ॲलिइनेज नावाचे विकर असते. पाकळी ठेचली किंवा चिरली म्हणजे मधला पडदा फुटतो, दोन्ही एकत्र येतात आणि क्षणार्धात ॲलिसिन तयार होते. तोच लसणीचा तिखट, झोंबणारा वास. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो व बेली या संशोधकांनी हे द्रव्य प्रथम वेगळे केले. ॲलिसिन फार काळ टिकत नाही. त्यापासून दुसरी गंधकयुक्त द्रव्ये बनतात. या द्रव्यांपासून तांबड्या रक्तपेशी हायड्रोजन सल्फाइड हा वायू अत्यल्प प्रमाणात निर्माण करतात व त्यायोगे रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. वाहिनी सैल पडली की रक्तदाब उतरतो. लसणीच्या गुणाचे हे एक संभाव्य कारण होय.

आता प्रत्यक्ष परिणामाकडे वळू. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २० चाचण्या व त्यांतील ९७० व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला होता, त्यांचा वरचा आकडा सरासरीने आठ ते नऊ आणि खालचा सुमारे सहा अंशांनी उतरला. ज्यांचा रक्तदाब योग्य होता त्यांच्यात विशेष फरक पडला नाही. हा लाभ खरा आहे व तुच्छ लेखण्याजोगा नाही. तथापि या चाचण्यांत बहुधा लसणीच्या भुकटीच्या गोळ्या किंवा मुरवलेल्या लसणीचा अर्क दिलेला होता, स्वयंपाकघरातील चटणी नव्हे. शिवाय लसणीमुळे पक्षाघात वा हृदयविकार टळतो काय, हे ठरविण्यास पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष २०१२ सालच्या दुसऱ्या एका आढाव्यात काढण्यात आला.

या आकड्यांचा अर्थ हिशेबाने पाहावा. एखाद्या शेतकऱ्याचा रक्तदाब १७०/१०० आहे. लसणीचा पूर्ण गुण आला असे धरले तरी तो १६१/९४ च्या आसपास येईल. म्हणजे १४०/९० या मर्यादेच्या वरच राहील. रक्तदाब वाढलेला असताना डोके दुखेलच, चक्कर येईलच असे नाही. पुष्कळांना काहीच जाणवत नाही, आणि घोटाळा होतो तो येथेच. दवाखान्यातील गोळीने महिना-दोन महिन्यांत आकडा ताळ्यावर येतो, रोगी आपण बरे झालो असे समजतो, त्याच सुमारास कोणी लसणीचा उपाय सांगतो आणि गोळी बंद होते. पुढे बरे वाटत राहते, म्हणून मापनही होत नाही. एके दिवशी बांधावर हात-पाय लुळे पडतात, तोंड वाकडे होते. लसणीने अपाय केला असे येथे म्हणता येत नाही. गोळी सुटली हा अपाय. म्हणून लसूण खाणाऱ्यास ती सोडण्यास सांगू नये, गोळी चालू आहे ना हे मात्र विचारावे आणि उपकेंद्रात रक्तदाब मोजून घेण्यास लावावे.

दुसरी गोष्ट मिठाची. लसूण आपल्या ताटात एकटी येत नाही. चटणीत, ठेच्यात, लोणच्यात ती सढळ मिठासह येते. मीठ रक्तदाब वाढविते. लसणीच्या चटणीने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते, असा प्रकार अनेक घरांत घडत असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान सपाट चमचाभराहून कमी, मीठ असावे. घरच्या घरी अजमास घेणे सोपे आहे. पाच मोठ्या माणसांच्या कुटुंबात एक किलो मिठाची पिशवी चाळीस दिवसांहून अधिक पुरली पाहिजे. ती वीस-पंचवीस दिवसांतच संपत असेल, तर पापड-लोणच्यातील मीठ न धरताही प्रमाण पुष्कळ अधिक झाले आहे. चटणीत लसूण तेवढीच ठेवून मीठ निम्मे करणे हा या बाबतीतला सर्वांत स्वस्त उपाय होय.

लसूण खावयाची तर ठेचून दहा मिनिटे ठेवावी व भाजीत शेवटी घालावी. तापलेल्या तेलात अखंड पाकळी टाकली की विकर निकामी होते. स्वाद राहतो, ॲलिसिन मात्र फारसे तयार होत नाही. पाकळी न चावता पाण्याबरोबर गिळण्यातही अर्थ नाही, कारण जठरातील आम्ल तेच करते. रक्तातील कोलेस्टेरॉल कच्च्या लसणीने उतरते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. २००७ साली अमेरिकेत १९२ प्रौढांवर सहा महिने केलेल्या चाचणीत तसा काही लाभ आढळला नाही.

कच्च्या लसणीने काहींना छातीत जळजळ होते. त्यांनी ती खाऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी किंवा ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी अधिक प्रमाणात लसूण अथवा तिच्या गोळ्या घेत असल्याचे डॉक्टरांस अवश्य सांगावे, कारण लसणीने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. ठेचलेली लसूण गुडघ्यावर किंवा लहान मुलाच्या अंगावर बांधून ठेवू नये. तिने कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात.

आषाढातील कांदेनवमीनंतर पुष्कळ घरांत चातुर्मास संपेपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य असते. रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी हा नियम पाळण्यास काहीच हरकत नाही. मात्र त्या चार महिन्यांतही गोळी वेळेवर घ्यावी आणि रक्तदाब ठरल्याप्रमाणे मोजून घ्यावा.