पावसाळ्यात शटर जाम होतंय? जोर लावण्याआधी हे वाचा

सिंधुदुर्ग : पूर्वी शटर म्हटलं की बाजारातलं दुकान आठवायचं. आता गावागावांत घराच्या खालच्या खोलीला किंवा बाजूच्या शेडला शटर असतं. आत मोटारसायकल, रिक्षा, पॉवर टिलर, खताच्या गोणी. उन्हाळ्यात एका हाताने वर जाणारं हेच शटर जुलैत दोघांना आवरत नाही. रात्री-अपरात्री घरातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं, गाडी आत आणि शटर जाम. मग लाथ मारणं, पहार घालून उचकटणं सुरू होतं आणि तिथेच दुखापत होते.

खरं तर वर्षातून दोनदा एकेक तास दिला तर यातला बराचसा त्रास टळतो.

शटर वर जातं कसं?

लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकवून शटर बनतं. दोन्ही बाजूंच्या खाचांतून, म्हणजे गाईडमधून, ते वर-खाली सरकतं आणि वरच्या पाईपाभोवती गुंडाळलं जातं. हाताने उघडायच्या साध्या शटरमध्ये या पाईपावर स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढलं की स्प्रिंग पिळली जाते. वर ढकललं की तोच पीळ सुटतो आणि शटर उचलायला मदत करतो. म्हणूनच एवढं वजन माणसाला पेलतं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची : शटर बंद असतं तेव्हा स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त ताण असतो.

पावसात नेमकं काय बिघडतं?

सुरुवात बहुतेक वेळा खालून होते. पागोळ्यांचं पाणी अंगणात पडून उडतं आणि त्याबरोबर तांबडी माती गाईडच्या तळाशी जाऊन बसते. ती ओली राहते आणि खालची पट्टी आधी कुजते.

दुसरं कारण पट्ट्यांच्या सांध्यातला गंज. सांधा वळेनासा झाला की शटर गुंडाळताना अडकतं.

मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या किनारी गावांत खारं वारं यात भर घालतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड ओलसर राहतं. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर मीठ नाही, पण दिवसेंदिवस धुकं आणि झड असते. लोखंडाला सुकायला वेळच मिळत नाही.

हिवाळ्यातही पूर्ण सुटका नाही. पहाटेचं दव थंड पत्र्यावर जमतं आणि ओघळून कुलपात, खालच्या पट्टीत उतरतं.

घरच्या घरी काय करता येतं?

*गाईड साफ करणं :* जुन्या ब्रशने माती खरवडून काढावी आणि कोरड्या फडक्याने पुसावं. गाईडमध्ये घट्ट ग्रीस थापायचं नाही. त्यावर धूळ-वाळू चिकटते आणि चिखलासारखा थर तयार होतो. त्याऐवजी गाईडच्या आतल्या बाजूला साधी मेणबत्ती घासावी किंवा सिलिकॉन स्प्रे मारावा. तळाशी पाणी तुंबत असेल तर वाट मोकळी करावी.

*सांधे :* उघडीप मिळाली की पट्ट्यांच्या सांध्यांवर पातळ मशीन ऑइल फडक्याने लावावं. मग शटर दोन-चार वेळा वर-खाली करून जादा तेल पुसून घ्यावं. वापरलेलं काळं इंजिन ऑइल लावू नये. कपडे खराब होतात आणि धूळही धरते.

*कुलूप :* घराघरांत खोबरेल असतं, म्हणून तेच कुलपात सोडलं जातं. पण खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं. हिवाळ्यात पहाटे चावी फिरत नाही, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. कुलपात पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड टाकावी. ती गोठत नाही आणि धूळही धरत नाही.

*किनाऱ्यालगतची घरं :* उघडीप असेल तेव्हा शटर गोड्या पाण्याने धुवावं आणि लगेच पुसून सुकवावं. वरच्या स्प्रिंगच्या भागावर मात्र पाण्याचा फवारा मारू नये.

*रंग :* हे काम मिरगाआधीच उरकावं. तारेच्या ब्रशने गंज काढून आधी प्रायमर, मग ऑइल पेंट. ओल्या लोखंडावर रंग मारला तर ओल आतच कोंडते आणि रंगाखाली गंज वाढत राहतो. सांध्यांत रंगाचा जाड थर बसू देऊ नये, पट्ट्या चिकटतात. जीआय पत्र्याचं शटर असेल तर त्यासाठीचा वेगळा प्रायमर दुकानात मागून घ्यावा. साधा रंग थेट लावला तर पापुद्रे सुटतात.

*उंबरा :* शटरखालच्या कोब्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. पाणी आत येतं म्हणून शटरला लागून मातीच्या गोणी महिनोन्‌महिने ठेवू नयेत. पट्टी तिथेच सडते. खालच्या पट्टीला रबर लावून घेणं जास्त चांगलं.

इथे हात लावायचा नाही

वरची स्प्रिंग, पाईप आणि ब्रॅकेट हे शटरवाल्याचंच काम. पिळलेली स्प्रिंग अचानक सुटली तर बोटं, हात, डोळा जाऊ शकतो. व्हिडिओ बघून ती खोलायला जाऊ नये.

स्प्रिंग तुटल्याची खूण ओळखता येते. वरून मोठा आवाज होतो, शटर एकदम जड होतं, एका बाजूला तिरकं जातं किंवा सोडल्यावर धाडकन खाली येतं. असं शटर वापरणं बंद करावं आणि त्याखालून कुणालाही जाऊ देऊ नये, विशेषतः पोरांना. अर्ध्यावर अडकलेल्या शटरखाली वाकून गाडी काढायचा मोह टाळावा.

शटरला झिणझिण्या येत असतील तर

पावसाळ्यातला हा सगळ्यात मोठा धोका. शटरवरच्या बल्बची किंवा बोर्डाची वायर सोललेली असेल आणि ती लोखंडाला टेकली तर अख्ख्या शटरमध्ये करंट उतरू शकतो. ओले पाय, ओली जमीन असली की तो जिवावर बेततो.

जरा जरी झिणझिण्या जाणवल्या तरी शटरला पुन्हा हात लावू नये. कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करावा आणि वायरमन बोलवावा. मीटरच्या आधीच्या लाईनमध्ये बिघाड वाटला तर महावितरणच्या 1912 क्रमांकावर कळवावं. कुणी चिकटलं असेल तर आधी मेन बंद करावा, मगच त्याला हात लावावा आणि 108 ला फोन करावा. मोटरवर चालणाऱ्या शटरला नीट अर्थिंग आणि करंट गळताच लाईन तोडणारा स्विच हवाच.

आणखी दोन गोष्टी

लाईट गेली आणि बाहेर पाऊस म्हणून शटर ओढून आत जनरेटर किंवा पॉवर टिलर चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. चक्कर येते, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो आणि जीवही जाऊ शकतो.

दुसरं म्हणजे पावसात कोरडी जागा शोधत साप शटरच्या कोपऱ्यात किंवा वरच्या गुंडाळीत येऊन बसतात. रात्री शटर उचलण्याआधी खाली आणि कडेला बॅटरी मारून बघावी. कडीच्या भोकात न बघता बोट घालू नये. साप दिसला तर काठी न घेता सर्पमित्राला बोलवावं.

कधी काय करायचं?

- मे महिना : गंज काढणं, रंग, वायरिंगची तपासणी, शटरवाल्याकडून स्प्रिंग बघून घेणं.
- जून ते सप्टेंबर : दर पंधरा दिवसांनी गाईड साफ, सांध्यांना तेल.
- चतुर्थीच्या आधी : चाकरमान्यांची बंद घरं. महिनोन्‌महिने न हललेलं शटर पहिल्याच दिवशी जोराने ओढू नये. आधी गाईड साफ करून तेल सोडावं, थोडा वेळ थांबावं, मग हळूहळू हलवावं. शेजारी चावी असेल तर अधूनमधून शटर वर-खाली करायला सांगून ठेवावं.
- दिवाळीनंतर : पावसाळ्याची माती धुऊन काढणं आणि कुलपातलं जुनं तेल साफ करणं.

काल एका हाताने वर जाणारं शटर आज दोन्ही हातांनीही जात नसेल, तर काहीतरी अडलंय किंवा तुटलंय. ते आधी शोधावं. तिसऱ्या माणसाला जोर लावायला बोलवू नये.