शजऱ्यातली रिकामी जागा

आमच्या घरात उर्दूत लिहिलेला एक जुना शजरा आहे. त्यात नानीच्या वडिलांच्या नावापुढे फक्त एकच शब्द आहे, 'लापता'.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक मुस्लिम घरांप्रमाणे तेही जहाजावर खलाशी होते. 1917 साली त्यांच्या मनीऑर्डरी थांबल्या, पत्रही आले नाही. गावाने आपला निकाल देऊन टाकला: "विलायतेत दुसरा संसार मांडला असणार." माझी पणजी मरेपर्यंत एवढेच म्हणत राहिली, "ते तसे नव्हते." तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. नानी तेव्हा दोन वर्षांची होती. टाकून दिलेल्या बाईची मुलगी हा टोमणा तिने लग्नानंतरही ऐकला.

दोन वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांना मी 'आपली वंशावळ' हा प्रकल्प दिला. एका मुलीने विचारले, "टीचर, तुमची कुठे आहे?" त्या प्रश्नाने मला कामाला लावले.

सुरुवात तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षापासून केली. गाव नमुना 14, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी नानीच्या जन्माची नोंद शोधून दिली. 1915 साल, वडिलांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव. शजऱ्यातली नावे तंतोतंत जुळली.

पुढचा धागा मला ठाऊक नव्हता, तो भाच्याने दाखवला. युद्धात मरण पावलेल्यांच्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावावरून मोफत शोध घेता येतो. फेब्रुवारी 1917 पासून जर्मन पाणबुड्यांनी मालवाहू जहाजेही बेधडक बुडवायला सुरुवात केली होती. त्यांवर हजारो हिंदी खलाशी होते. आपली नावे इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली, म्हणून एकाच नावाची पाच-सहा स्पेलिंगे टाकून पाहावी लागली. अखेर नाव सापडले, त्याला लागून वडिलांचेही. हुद्दा खलाशी, साल 1917. तारीख शेवटच्या मनीऑर्डरीनंतर दोन महिन्यांची.

एक सावधगिरी सांगते. आपल्यात सारखी नावे खूप. नुसत्या नावावर जाऊ नका. वडिलांचे नाव, गाव, साल यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय 'हेच आमचे' म्हणू नका.

मुंबईत मस्जिद बंदर भागात इंडियन सेलर्स होममध्ये या खलाशांचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक जणांची नावे तिथे कोरली आहेत. मी अम्मीला घेऊन गेले. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवले, मग्फिरतची दुआ मागितली आणि म्हणाली, "हे अम्माला कळायला हवं होतं." तिची अम्मा, म्हणजे माझी नानी, जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

खानदान-कबिले एकमेकांच्या ओळखीसाठी आहेत, मोठेपणा मिरवण्यासाठी नाहीत, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण सगळे जाणतो. पण ओळख नसली की तिथे अफवा राहायला येते, हे मला या शोधात कळले. तिचा भार बहुधा घरातल्या बाईवरच पडतो.

शजरा मी नव्याने लिहायला घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट खटकली. सहा पिढ्यांत एकाही बाईचे नाव नव्हते. कोतवाल बुकातल्या त्या नोंदीतही पणजीचे नाव नाही. अम्मीला ते आठवत होते म्हणून वाचले.

या ईदला घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसा. आजोबांचे नाव सगळेच विचारतात. तुम्ही आजीच्या आईचे विचारा.

आमच्या शजऱ्यात आता 'लापता' हा शब्द नाही. त्या जागी तारीख आहे, आणि शेजारी पणजीचे नाव.