मोठे गिऱ्हाईक उठल्यावर : डहाणू-तलासरीचे लाकूड (लेखांक सहावा)

कागद गिरणीचे लाकूड आणि सुताराचे लाकूड एक नव्हे. सुतार सरळ, जाड, गाठी नसलेला ओंडका निवडतो. गिरणीला बारीक, वाकडा, फांदीचा मालही चालतो, कारण तिला लाकडातला फक्त तंतू हवा असतो. लाकडाच्या चिपा करून त्या रसायनात शिजवल्या की सुक्या वजनाच्या निम्म्याहून कमी लगदा उतरतो. त्यामुळे गिरणीला माल अफाट लागतो आणि तो लांबून आणणे तिला परवडत नाही. चुलीखेरीज ज्याला दुसरी वाट नाही, अशा मालाला आसपासच्या मुलखात ती भाव देते. गिरणी बंद पडली की पहिला फटका याच हलक्या मालाला बसतो. सागाचा ओंडका कुठेही खपतो. निलगिरी-सुबाभळीची बारीक खोडे दुसऱ्या, दूरच्या गिरणीकडे न्यावी लागतात आणि गाडीभाडे शेतकऱ्याच्या भावातून वजा होते. त्यामागोमाग तोडणीच्या टोळ्या, ट्रकवाले, वजनकाटे आणि उचल देणारे दलाल यांचे काम आटते.

महाराष्ट्रात या विषयाचे ठळक उदाहरण बल्लारपूरचे आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची ही गिरणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर वाढली. गोदावरीपलीकडे तेलंगणातील कमलापूरम येथील याच कंपनीचा लगद्याचा कारखाना २०१४ साली थांबला, आणि २०२० च्या जानेवारीत कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मात्र मोठे गिऱ्हाईक चालू असते तेव्हाही भाव तेच ठरवते, ही गोष्ट विसरून चालत नाही. गिरण्यांना सरकारी जंगलातला बांबू वर्षानुवर्षे सवलतीच्या दराने मिळत होता, आणि टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडांना तोच बांबू मिळवताना नाकी नऊ येत. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने गिरणीसाठीची तोड अडवली, पुढे वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. गिरणी असणे आणि नसणे, या दोन्हींचा हिशेब म्हणूनच एकत्र मांडावा लागतो.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत लाकडापासून लगदा करणारी गिरणी नाही. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरवला आणि जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना तेथे बंदी घातली. तलासरीपासून जवळच्या वापीत कागद गिरण्या आहेत. पण त्या मुख्यतः रद्दीवर चालतात. त्यांतली एखादी बंद पडली तर तलासरीहून पाळीला जाणाऱ्या मजुराची नोकरी जाते, गावच्या झाडाच्या किमतीत मात्र फरक पडत नाही. लाकडावर चालणारी जवळची मोठी गिरणी गुजरातेत तापी जिल्ह्यातील सोनगडला आहे.

तरीही मोठे गिऱ्हाईक उठल्यावर काय होते, याचा अनुभव या दोन तालुक्यांनी पुरेपूर घेतला आहे. येथे बंद पडली ती गिरणी नव्हे, कूप.

वनविभाग कार्य आयोजनेनुसार जंगलाचे भाग पाडतो आणि दरवर्षी एकेक भाग तोडीला काढतो. त्या भागाला कूप म्हणतात. डहाणू-तलासरीच्या जंगलात साग मुख्य, सोबतीला ऐन, खैर, धावडा, हेद, कळंब, शिसव, तिवस. मुंबई-सुरत रेल्वे या पट्ट्यातून गेल्यावर हे लाकूड मुंबईच्या बाजाराला जोडले गेले. इमारती लाकूड, जळण, कोळसा आणि तबेल्यांसाठी गवत डहाणू रोडहून गाडीवर चढू लागले. हा सारा व्यापार ठेकेदारांच्या हाती होता, आणि जमीनदार, सावकार व जंगल ठेकेदार ही नाती अनेकदा एकाच घरात नांदत. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात येथील वारली आणि इतर आदिवासींची वेठ, लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी पत्करलेली लग्नगडीची गुलामी आणि ठेकेदारांची कमी मजुरी यांची नोंद आहे.

कूपकामाचा तपशील जवळून पाहिला की त्यातली पिळवणूक नेमकी कुठे होती ते कळते. तोडायच्या झाडावर वनविभागाचा हातोडा दोन ठिकाणी उठवतात, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुडाशी. झाड पडले तरी बुडावरची खूण खुंटावर राहते आणि तोड कायदेशीर होती याचा पुरावा ठरते. सागाचा घाव जमिनीलगत घालायचा आणि खुंट उताराने तासायचा, म्हणजे पाणी साचून तो कुजत नाही आणि त्याला नवे धुमारे फुटतात. पुढच्या फेरीचे जंगल याच धुमाऱ्यांतून उभे राहते, त्यामुळे कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या कौशल्यावर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. मग सोट, वासे, बल्ल्या वेगळ्या करायच्या, फांद्यांच्या जळणाच्या थप्प्या रचायच्या, बैलगाडीने माल रस्त्याला काढायचा. मजुरी दिवसावर कमी आणि मापावर जास्त असे. थप्पी किती उंच, ओंडका किती घनफूट हे मुकादम सांगे, आणि लिहिता-वाचता न येणारा मजूर ते ऐकून घेई. कमी मजुरी आधी या मापात होती, मग दरात.

येथील पहिला संघटित लढा वेठ आणि मजुरी यांवरच उभा राहिला. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे किसान सभेच्या सभेत वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी गवत कापणीच्या दरासाठी संप झाला. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलकामाला रोज किमान सव्वा रुपया मिळावा म्हणून कूपांवरचे काम बंद पाडण्यात आले, आणि अखेर ठेकेदारांना तडजोड करावी लागली. एकाच गिऱ्हाइकाच्या मुठीत असलेल्या मजुरांनी त्याच गिऱ्हाइकाला वाटाघाटीला बसवले, ही महाराष्ट्राच्या जंगल-इतिहासातली फार मोठी घटना आहे. तिला पाठ्यपुस्तकांत मिळते त्यापेक्षा जास्त जागा मिळायला हवी.

स्वातंत्र्याच्या सुमारास ठेकेदाराऐवजी मजुरांच्याच सहकारी संस्थांना कूप देण्याचे धोरण आले. बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या पाठबळाने १९४७ पासून ठाणे जिल्ह्यात जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. संस्थेने सभासदांकडून तोड करून घ्यायची, माल आगारात लावायचा, लिलाव व्हायचा, सरकारचा वाटा जाऊन उरलेल्या नफ्यातून सभासदांना लाभ द्यायचा, अशी ही रचना होती. काही संस्थांवर बाहेरच्या पुढाऱ्यांचा आणि जुन्या ठेकेदारांच्या माणसांचा पगडा राहिला, हे खरे. तरीही माप घेताना आपला माणूस उभा असणे आणि मजुरीची नोंद वहीत होणे यांचे मोल कमी नव्हते.

या कामाचे खरे महत्त्व त्याच्या हंगामात होते. डहाणू-तलासरीत बहुसंख्य कुटुंबांची शेती एका पावसाळी भाताची. दिवाळीच्या आगेमागे भात घरात येतो आणि उन्हाळा लागेपर्यंत अनेकांच्या कणग्या रिकाम्या होतात. कूपकाम नेमके भातकापणीनंतर सुरू होऊन मेअखेरपर्यंत चाले. म्हणजे शेतीतून काही मिळत नाही त्याच महिन्यांत घराजवळ रोकड मिळे. म्हातारी माणसे घरी, मुले शाळेत आणि गुरे गोठ्यात ठेवून.

हे काम एका दिवसात बंद झाले नाही. गिरणीच्या दाराला टाळे लागते तशी कोणतीही तारीख येथे सांगता येत नाही. वर्षानुवर्षांच्या तोडीने, चोरट्या तोडीने आणि जळणाच्या ओढीने जंगल विरळ झाले, आणि तोडीयोग्य झाडे कमी उरली. १९८० चा वन संवर्धन कायदा आला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने नैसर्गिक जंगल उद्योगांना माल पुरवण्यासाठी नाही, कारखान्यांनी आपला माल शेतकऱ्यांच्या साहाय्याने उभा करावा, असे स्पष्ट सांगितले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलातील तोड थांबवली आणि लाकूड कापणाऱ्या गिरण्यांवरही निर्बंध आले. यातले प्रत्येक पाऊल जंगलाच्या दृष्टीने समजण्यासारखे होते. त्याच पावलांनी संस्थांची कूपे घटली, आणि त्या कूपांवर जगणाऱ्या मजुरांची पर्यायी सोय कोणत्याही आदेशात नव्हती.

घराजवळची रोकड गेल्यावर माणसे बाहेर पडली. दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या, गुजरातच्या किनाऱ्यावर बोटींवरची खलाशाची कामे, उंबरगाव-सरीगाम-वापीचे कारखाने आणि किनारपट्टीच्या चिकूच्या वाड्या हे या दोन तालुक्यांतील मजुरांचे ठरलेले मार्ग झाले. वीटभट्टीवर उचल घेऊन सारे कुटुंब जाते, त्यामुळे मुलांची शाळा सुटते. उचलीचे कर्ज फेडण्यासाठी राबणे येथे पुन्हा सुरू झाले, आणि १९४५ च्या लढ्याने मोडलेली ही रीत दुसऱ्या धंद्याच्या आडून परत यावी याचे दुःख मोठे आहे.

लाकडाच्या बाजाराचे दुसरे अंग म्हणजे मालकी लाकूड, म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवरील झाडे. कूपे आटल्यावर बाजाराची नजर या झाडांकडे वळली. साग, खैर, ऐन, मोह, तिवर ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. त्याशिवाय आदिवासी खातेदाराच्या झाडांची विक्री १९६९ च्या स्वतंत्र कायद्याने नियंत्रित होते आणि तिला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. व्यापाऱ्याने दारूच्या बाटलीवर किंवा चार नोटांवर सागाची रांग लिहून घेऊ नये, हा या कायद्याचा हेतू होता आणि तो योग्यच होता.

व्यवहारात मात्र असे घडते. तलासरी तालुक्यातल्या एखाद्या गावात शेतकऱ्याच्या बांधावर तयार झालेले दहा-बारा साग आहेत आणि घरात आजारपण आले आहे. त्याला सातबारा काढायचा आहे, त्यावर झाडांची नोंद आहे का पाहायचे आहे, नसेल तर ती करून घ्यायची आहे. मग हद्दीची खात्री, झाडांची मोजणी, पंचनामा, मूल्यांकन, परवानगी, तोड, ओंडक्यांवर हातोडा आणि शेवटी वाहतूक परवाना. प्रत्येक पायरीला खेप आहे आणि खेपेला मजुरी बुडते. पैशांची गरज आज आहे. गावात फिरणारा दलाल सगळे कागद मी करतो म्हणून उभ्या झाडांची ठोक किंमत हातावर ठेवतो. झाडांतून किती घनमीटर माल निघेल आणि त्याला लिलावात काय दर मिळेल, हे दलालाला पक्के ठाऊक असते, शेतकऱ्याला नाही. पूर्वी थप्पीच्या मापात जे घडे ते आता उभ्या झाडाच्या अंदाजात घडते. खैराची कथा याहून वाईट आहे. काताच्या धंद्यात त्याला सतत मागणी असल्याने चोरटी तोड होते; त्यात गावातल्या कुऱ्हाडवाल्याला रात्रीची मजुरी मिळते आणि पकडला गेला तर खटलाही त्याच्याच नावावर चालतो.

बांबूने थोडी वाट दाखवली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनेतर जमिनीवरचा बांबू भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. किनाऱ्यालगतचा सुरूही लवकर हाती येतो आणि मांडव-बांधकामाच्या खांबांसाठी खपतो. पण दोन्ही मालांना गिऱ्हाईक जवळ लागते, आणि ते एकच असले तर बल्लारपूरचा अनुभव येथेही येईल. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. ग्रामसभांना पेसा आणि वनहक्क कायद्याने दिलेले अधिकार आहेत, आणि मापाची वही वाचणारी एक पिढी आता गावोगाव आहे. वनविभागाने आगारातील प्रत्येक लिलावाचे जातवार आणि प्रतवार दर मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, आणि मालकी झाडांच्या मोजणीला मुदत घालून द्यावी. या दोन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामसभांनी येत्या हंगामाआधी तसे ठराव करून मागावेत.