दूध पुरते, पण बाळाचे लक्ष असते कुठे?

चार-पाच महिन्यांचे नातवंड अंगावर पिताना दोन घोट घेते, मान वळवून पंख्याकडे पाहते आणि दार वाजले की तिकडे टकमक पाहत राहते. पुन्हा छातीशी धरले तरी तेच. दिवसातून चार वेळा असे झाले, की घरातील वडीलधाऱ्या तोंडून सहज निघून जाते, ‘दूध पुरत नाही, वरचे सुरू करा.’ हा निर्णय बहुतेक घरांत आजीच घेतात. म्हणून हा लेख मुद्दाम आपल्यासाठी.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचे, म्हणजे पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्याइतक्या अंतरावरचेच, नीट दिसते. चौथ्या महिन्याच्या सुमारास दूरचे व हलणारेही स्पष्ट दिसू लागते, आवाजाची दिशा कळू लागते. बाळाची भूक गेलेली नसते. कुतूहल तिच्यावर मात करते. शिवाय एव्हाना ते चोखण्यात तरबेज झालेले असते. पूर्वी अर्धा तास घेणारे बाळ आता दहा मिनिटांत पोट भरून मोकळे होते. आईची छातीही पूर्वीसारखी ठणकेपर्यंत भरत नाही, कारण शरीराने मागणीचा हिशेब जुळवलेला असतो. नेमक्या याच गोष्टींना आपण ‘दूध आटले’ असे म्हणतो.

आणि मग बाटली येते. तिने पोट भरलेले बाळ अंगावर कमी चोखते, कमी चोखल्यामुळे दूध कमी तयार होते आणि महिन्याभरात आपली भीती खरी ठरते! पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, उन्हाळ्यातही वरचे पाणी नको, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

दूध पुरते की नाही, हे लंगोट सांगतात. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर लघवी होत असेल, बाळ खेळकर असेल आणि वजन वाढत असेल, तर काळजी नको. तिसऱ्या महिन्यानंतर वजनवाढीचा वेग थोडा मंदावतो, तो स्वाभाविक आहे. रोज वजन करू नये. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात महिन्याने करून तक्त्यावर नोंदवावे.

पाजण्याच्या वेळी खोली शांत व थोडी अंधारी ठेवावी. दूरदर्शन बंद, आजोबांचा फोन बाहेर, पाहुणे थोडे थांबतील. पीत असलेल्या बाळाला हाक मारू नये, हा मोह आवरणे फार कठीण, हे मीही जाणतो. झोपेतून उठताना किंवा पेंगत असताना बाळ उत्तम पिते. पदराचे टोक मुठीत दिले तरी हात गुंतून राहतात. मान वळवली तर जबरदस्तीने तोंड लावू नये. दिवसाची कसर ते रात्री भरून काढते. रात्रीच्या या जागरणासाठी सुनेला किंवा लेकीला दुपारी दोन तास झोपू द्यावे आणि बाळ आपण सांभाळावे. तिच्या दुधाविषयी तिच्यासमोर शंका मात्र घेऊ नये. धास्तावलेली गाय पान्हा चोरते, हे गावाकडच्यांना ठाऊक आहे. माणसातही ताणामुळे पान्हा लवकर फुटत नाही.

मात्र शांत खोलीत आणि रात्रीसुद्धा बाळ पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, टाळू खोल गेली असेल, ताप असेल, नाक चोंदले असेल किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.