विहिरींत विष कालवणारा वनपुजारी

खांदेश्वर स्टेशनाजवळ राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या घरीं मध्यंतरी एका रविवारीं आम्ही गेलों होतों. दोघां भावांचें एकत्र कुटुंब, घरांत सदैव माणसांचा राबता. दिवाणखान्यांत पांच तरुण फांसे घेऊन बसले होते, आणि स्नेह्यांचा थोरला मुलगा, एरव्हीं मुंगीहि न चिरडणारा, अगदीं शांतपणें म्हणत होता, “मी गांवच्या विहिरींत विष कालवतों.” आजी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. “अरे, हें काय अभद्र बोलणें!”

हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या प्रसंगांत आपण काय करूं तें बोलतात. यशापयश बहुधा वीस बाजूंच्या फांशावर ठरतें. या मुलानें घेतलेलें पात्र होतें ड्रुइडाचें, म्हणजे रानाच्या पुजाऱ्याचें.

ड्रुइड हे प्राचीन गॉल व ब्रिटन या देशांतले धर्माचार्य. त्यांची विद्या मुखोद्गत असे आणि कित्येक शिष्य ती वीस वीस वर्षें पाठ करीत, असें जूलियस सीझरनें लिहून ठेवलें आहे. तें वाचतांना आपल्या घनपाठ्यांची आठवण होते. ते नरबळी देत, असेंहि तोच सांगतो. परंतु ही जेत्यानें जितांविषयीं दिलेली साक्ष आहे, हें विसरूं नये. खेळांत १९७६ सालीं हें पात्र खेळाडूंच्या हातीं आलें, तेव्हां त्यानें तटस्थच राहिलें पाहिजे असा दंडक होता. २००० सालच्या आवृत्तींत तो सैल होऊन दुष्ट ड्रुइडासहि वाव मिळाला, आणि २०१४ सालच्या आवृत्तींत तर तो उरलाच नाहीं.

आतां प्रश्न असा, कीं सुशील घरांतल्या मुलानें असलें काळें पात्र घ्यावेंच कां? आम्हीं त्याला तसें विचारलें. तो म्हणाला, “काका, त्या गांवानें डोंगर फोडला आणि नदी वळवली. माझ्या पुजाऱ्याचें रान त्यांतच गेलें.” हें ऐकून आम्ही चपापलों. खांदेश्वरापासून जवळच उलव्याची टेकडी कापून व उलवे नदीचा प्रवाह वळवून विमानतळ उभा राहिला; दहा गांवांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. २०२५ च्या डिसेंबरांत तेथून विमानें उडूंहि लागलीं. विमानतळ नको असें त्या मुलाचें म्हणणें नव्हतें, आमचेंहि नाहीं. पण लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेली टेकडी नाहींशी झाली, तर मनांत कांहींतरी सलत राहणारच.

शिवाय उग्र वनरक्षक आपल्याला कांहीं परका नाहीं. कोंकणांतल्या व सह्याद्रींतल्या देवराया शतकानुशतकें राहिल्या, त्या देवाच्या मायेइतक्याच त्याच्या कोपाच्या धाकानें. फांदी तोडली तर घरावर संकट येईल, ही भीति तेथें राखणदार होती.

खलपात्र रंगवणारा खल होतो, असेंहि नाहीं. गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तला घनःश्याम चिंतामणराव कोल्हटकरांनीं गाजवला, त्यामुळें प्रेक्षकांना कपटाची ओळख पटली, कपटाची गोडी लागली नाहीं. मात्र नटाच्या हातीं लिहिलेली संहिता असते, तिचा शेवटहि ठरलेला असतो. येथें संहिता नाहीं. प्रत्येक वाक्य खेळाडूला स्वतःच्या मनांतून काढावें लागतें. म्हणून दोन गोष्टींची जरूर आहे. पात्राच्या क्रौर्याला कारण हवें. निव्वळ छळाची मौज हें कारण नव्हे. आणि कोणत्या प्रसंगाला हात घालायचा नाहीं, हें सर्वांनीं आधींच ठरवावें. कित्येक मंडळी टेबलावर फुलीचें एक पान ठेवतात. कोणीहि त्याला स्पर्श केला, कीं तो प्रसंग विनातक्रार सोडून देतात. ही चाल आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

त्या दिवशीं मात्र पानाला हात लावण्याची वेळ आली नाहीं. सूत्रधारानें आजींनाच खुर्ची देऊन म्हटलें, “आजी, तुम्ही त्या गांवांतल्या म्हातारी व्हा.” आजी हंसल्या, क्षणभर थांबल्या, आणि नातवाकडे पाहून म्हणाल्या, “बाबा, डोंगर फोडला तो सावकारानें. माझी सून सकाळींच त्या विहिरीचें पाणी घेऊन गेली. तिनें तुझें काय केलें होतें?”

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याचा वनपुजारी रातोरात गांवांत शिरला आणि दारोदार हिंडून “पाणी पिऊं नका” म्हणून ओरडूं लागला. फांसा पडला, कांहीं घरें वाचलीं, कांहीं वाचलीं नाहींत. त्याचा राग खरा होता, पण त्याची किंमत भलत्यांनींच दिली, हें त्याला कोणाच्या उपदेशावांचून कळलें.

घरांतल्या वडील मंडळींना आमची एवढीच विनंति आहे, कीं मुलांचें असलें बोलणें कानीं आलें तर दार लावून घेऊं नका. खुर्ची ओढून बसा, आणि त्या विहिरीचें पाणी कोण पितें, तेवढें विचारा.