गेम बनवला, पण आयकॉनचं काय?

गावाकडची काही पोरं आता मोबाईल गेम खेळत नाहीत, बनवतात. पण महिनोन् महिने राबून केलेला गेम प्ले स्टोअरवर कोणी उघडतच नाही. कारण लोक आधी आयकॉन बघतात.

आयकॉन ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा द्यावा लागतो, फोनवर मात्र नखाएवढा दिसतो. म्हणून त्यात एकच ठळक गोष्ट ठेवा. शर्यतीचा गेम असेल तर नुसतं बैलाचं तोंड पुरे. मागचा रंग गडद, तर पुढचं चित्र उजळ. बारीक अक्षरं नकोत. ‘फ्री’, ‘नंबर १’ असं लिहिणं गुगलच्या नियमात बसत नाही.

गेममध्ये नाही ते दाखवू नका. फसलेला माणूस गेम काढतो अन् एकच स्टार देऊन जातो.

शेवटी फोन हातभर लांब धरून बघा. चित्र ओळखू आलं तरच टाका.